राक्षस केवढा दाखवायचा?

चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनाजवळ छायाचित्रकार केकी मूस राहत. जन्म मुंबईचा, १९१२ सालचा. कलेचं शिक्षण इंग्लंडात, शेफील्डला. तिथून परतल्यावर आईवडिलांच्या चाळीसगावातल्या घरी त्यांनी जो मुक्काम ठोकला तो १९८९ च्या डिसेंबरात मृत्यू येईपर्यंत, आणि मधल्या जवळजवळ पन्नास वर्षांत त्यांनी घराचा उंबरा क्वचितच ओलांडला. पंजाब मेलनं येणाऱ्या प्रेयसीची वाट पाहत ते रोज रात्री दोघांचं जेवण मांडून ठेवायचे, ही हकिकत गावात आलेल्या पाहुण्याला हमखास ऐकवली जाते. हकिकत सुरेखच आहे, पण तिच्यापायी मूस यांची कारागिरी मागे पडली. घराबाहेर न पडणाऱ्या या माणसानं दूरदूरचे वाटावेत असे देखावे टिपले आणि ते टिपले घरातल्या टेबलावर. लहानसहान वस्तूंची मांडणी करायची, त्यावर बेतानं प्रकाश टाकायचा आणि पाहणाऱ्याला वाटावं की फोटो कुठल्या तरी माळरानावर किंवा डोंगरउतारावर काढला आहे. या प्रकाराला टेबल-टॉप छायाचित्रण म्हणतात. मूस यांचा त्यात हातखंडा होता.

मुलांची अद्भुत गोष्ट हाडामांसाची माणसं घेऊन पडद्यावर आणणारा दिग्दर्शक वेगळं काय करतो? तोही टेबलच मांडतो, फक्त मोठं. आजीनं ‘एक होता राक्षस, ताडाएवढा’ म्हटलं की भागतं, तिला ताड मोजून दाखवावा लागत नाही. कार्टूनवाला हवा तेवढा राक्षस कागदावर काढतो. कॅमेऱ्यासमोर मात्र साडेपाच फुटांचा नट येऊन उभा राहतो आणि त्याचा पन्नास फुटांचा राक्षस करायचा असतो. परीकथांमधल्या चमत्कारांची यादी करून बघा: दिव्यातून निघणारा जिन्न, अंगठ्याएवढी मुलगी, हत्ती उचलून नेणारा पक्षी, भोपळ्यात मावणारी म्हातारी. निम्म्याहून अधिक चमत्कार आकारमानाचेच निघतात. म्हणून असल्या सिनेमाची खरी कसोटी पोशाखात किंवा रंगीबेरंगी सेटवर लागत नाही, ती लहानमोठेपणाच्या हिशेबात लागते.

हा हिशेब मुळात जमतो, कारण कॅमेऱ्याला डोळा एकच. माणसाचे दोन डोळे एकमेकांपासून काही बोटं दूर असतात. दोघांना जवळची वस्तू जराशी वेगवेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ठरवतो. सुईत दोरा ओवताना एक डोळा मिटून पाहिला की त्या फरकाची किंमत कळते. दूरच्या वस्तूच्या बाबतीत हा फरक उरतच नाही. चाळीसगावातून सातमाळ्याच्या रांगेकडे पाहताना दोन डोळे असून नसल्यासारखेच. कॅमेऱ्याच्या चित्रातही तो फरक नसतो. त्यामुळे टेबलावरचा वीतभर डोंगर आणि क्षितिजावरचा खराखुरा डोंगर, दोन्ही फिल्मवर सारखेच सपाट उतरतात. मग बघणारा आकार कशावरून ठरवतो? शेजारी दिसणाऱ्या ओळखीच्या वस्तूवरून. दगडाचा फोटो काढताना भूगर्भवाले त्याच्याशेजारी हातोडी ठेवतात ती यासाठीच. फसवायचं असेल तर हातोडी काढून घ्यायची, किंवा खोट्या मापाची ठेवायची.

दादासाहेब फाळक्यांना हे फार लवकर उमगलं होतं. सिनेमात येण्याआधी त्यांनी जादूचे प्रयोग केले होते आणि रंगमंचावर ते आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. १९१२ साली त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र टिपत चित्रित केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उरकली आणि भांडवल देणाऱ्यांना या माणसाचा भरवसा वाटू लागला. पुढे नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी त्यांनी १९१९ मध्ये ‘कालियामर्दन’ केला आणि बाळकृष्णाच्या भूमिकेत स्वतःच्या लहानग्या मुलीला, मंदाकिनीला घेतलं. सिनेमाचा बराचसा भाग आजही शिल्लक आहे. सुरुवातीलाच मंदाकिनीचा चेहरा दिसतो. ती हसते, रुसते, एकामागून एक भाव करून दाखवते आणि मग बघता बघता तिचा कृष्ण होतो. आज कुठल्याही निर्मात्याला हा वेडेपणा वाटेल. गोष्ट सुरू व्हायच्या आत ‘ही आमची मुलगी, हा तिचा अभिनय’ असं सांगून टाकायचं आणि मग चमत्कारावर विश्वास ठेवायला लावायचं! पण प्रेक्षकांनी ठेवला.

मोठ्या नटाच्या जागी मूल घेतल्यानं आणखी एक गोष्ट साधली. प्रौढ माणसाशेजारी बनावट नाग भयंकर वाटायचा तर तो अवाढव्यच बनवायला हवा. नागाशेजारी चिमुरडं पोर उभं केलं की बेतशीर नागही अजस्र दिसतो. इथे भूगर्भवाल्यांची हातोडी म्हणजे मंदाकिनी. त्यात फाळके डोहाखालची झुंज आणि काठावर आकांत मांडणारे गोकुळवासी आळीपाळीनं दाखवतात. नाग बनावट आहे हे दिसत असतं, तरी काठावरचे चेहरे पाहून पोटात गोळा येतो.

माप जुळलं तरी उजेड घात करू शकतो. ज्यांनी टेबलावर देखावा मांडून पाहिला आहे त्यांना हे ठाऊक असेल. मीठ पसरलं की बर्फ होतो, कापसाचे ढग होतात, वाळक्या काड्यांची झाडं उभी राहतात, पण वर दिवा धरला की सोंग उघडं पडतं. समजा दिवा टेबलाच्या पृष्ठभागापासून ३ फूट उंच आहे आणि दिव्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून एक काडी १ फुटावर, दुसरी २ फुटांवर रोवली आहे. दोन्ही काड्या ३ इंचांच्या. पहिलीची सावली इंचाहून किंचित मोठी पडेल आणि दुसरीची बरोबर तिच्या दुप्पट. शिवाय दोन्ही सावल्या दिव्यापासून पंख्यासारख्या फाकतील. उघड्यावर, उन्हात, सारख्या उंचीच्या दोन खांबांच्या सावल्या सारख्याच लांबीच्या आणि समांतर पडतात, कारण सूर्य फारच दूर आहे. हे गणित पाहणाऱ्यानं शिकलेलं नसतं, तरी डोळ्याला ते खटकतं. उपाय एकच: दिवा जमेल तितका लांब न्यायचा.

दिव्याची उंची, शंकूचं म्हणजे उभ्या काडीचं अंतर आणि सावलीची लांबी यांचा हाच हिशेब भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त छायाव्यवहाराच्या प्रकरणात आहे. ग्रंथ बाराव्या शतकातला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला १२०७ सालचा जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. म्हणजे ज्या तालुक्यात मूस यांनी टेबल मांडलं, त्याच तालुक्यात त्यांच्या सातशे वर्षं आधी दिव्याच्या सावलीचं त्रैराशिक पोरांकडून घोकून घेतलं जात असणार. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण नोंद केल्याशिवाय राहवत नाही.

फोटोत सगळं स्थिर असतं. सिनेमात वस्तू पडतात, उडतात, कोसळतात, आणि तिथे दुसरं संकट येतं. १६ फुटांवरून सोडलेला दगड जमिनीवर पोचायला साधारण १ सेकंद घेतो, तर १ फुटावरून सोडलेला पाव सेकंदातच आपटतो. म्हणजे १६ फुटांच्या बुरुजाची १ फुटी प्रतिकृती करून पाडली तर ती चौपट घाईनं पडते, आणि बघणाऱ्याला लगेच खेळणं आठवतं. तोड अशी की कॅमेरा चौपट वेगानं चालवायचा. सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं घ्यायची आणि पडद्यावर ती नेहमीच्या २४ च्या गतीनं दाखवायची. प्रतिकृती जितके पट लहान, त्या आकड्याच्या वर्गमुळाइतका वेग वाढवायचा, असा नियम आहे. जुन्या ट्रिकवाल्यांना तो तोंडपाठ असे. मोठेपणाचा भास निम्मा आकाराचा असतो आणि निम्मा संथपणाचा. हत्ती धावला तरी डुलत धावतो आणि उंदीर चालला तरी तुरुतुरु चालतो.

फ्रँक बॉम यांच्या १९०० सालच्या ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या कथेवर हॉलिवुडनं १९३९ मध्ये चित्रपट केला. त्यातलं वादळ म्हणजे या सगळ्या हिशेबाचा उत्तम नमुना. नायिकेचं, डोरोथीचं, घर उचलून नेणारी वावटळ आधी रबराची करून पाहिली, पण ती वळेना. मग ए. अर्नोल्ड गिलेस्पी या ट्रिकतज्ज्ञानं मलमलीचा ३५ फूट लांबीचा पोकळ पायमोजा शिवून घेतला. वरचं टोक छतालगतच्या सरकत्या यारीला टांगलं, खालचं जमिनीवरच्या खाचेतून वाकडंतिकडं ओढलं आणि त्यातून माती उधळली. कापसाच्या मुलखातल्या माणसाला हे वाचून नक्कीच बरं वाटेल: जगभरच्या पोरांना घाबरवणारं ते वादळ सुती कापडाचं होतं. आकाशातून घर खाली येण्याचं दृश्य तर आणखी सोपं होतं. जमिनीवर आकाश रंगवलं, त्यावर छोटं घर टाकलं आणि फिल्म उलटी फिरवली.

आगीला आणि पाण्याला मात्र लहान करता येत नाही. प्रतिकृती कितीही लहान करा, पाण्याचा थेंब थेंबाएवढाच राहतो, कारण पाण्याच्या पृष्ठताणाला सिनेमाची पर्वा नसते. परातीतल्या समुद्रावर लाट उठवली तर तुषार जहाजाच्या डोलकाठीएवढे दिसतात. ज्वालेचंही तसंच. म्हणून बुडणाऱ्या जहाजांच्या आणि जळणाऱ्या नगरांच्या प्रतिकृती नाइलाजानं मोठ्या बांधाव्या लागत, आणि जिथे नट लागे तिथे आग खरीच वापरावी लागे. ऑझमधल्या चेटकिणीचं काम करणाऱ्या मार्गारेट हॅमिल्टन १९३८ च्या डिसेंबरात धुराच्या आणि ज्वालांच्या आड चोरदारातून खाली उतरत असताना भाजल्या. चेहऱ्याला लावलेल्या हिरव्या रंगात तांब्याचा अंश होता, त्यामुळे तो तातडीनं खरवडून काढावा लागला. त्यांना सहा आठवडे काम करता आलं नाही.

आपल्याकडच्या जादूच्या सिनेमांचं बरंच श्रेय बाबूभाई मिस्त्री या सुरतेच्या माणसाकडे जातं. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणसाची करामत दाखवायची होती. बाबूभाईंनी काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्यांनी वस्तू हलवल्या. दोरा दिसेना, वस्तू आपोआप चालू लागल्या आणि बाबूभाईंना ‘काला धागा’ हे टोपणनाव कायमचं चिकटलं. पुढे होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सचे ‘अलादीन और जादुई चिराग’ (१९५२) आणि ‘हातिमताई’ (१९५६) आले. अलादीनच्या जातीच्या गोष्टी मराठी वाचकाला नव्या नव्हत्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी १८६० च्या दशकातच मराठीत आणायला घेतल्या होत्या. गंमत म्हणजे अलादीनची गोष्ट जुन्या अरबी हस्तलिखितांत नव्हतीच. आँत्वान गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला ती हन्ना दियाब नावाच्या सिरियाच्या एका तरुणानं १७०९ मध्ये पॅरिसात सांगितली आणि गालाँनी ती आपल्या ग्रंथात घातली. पण ज्यांनी वाडियांचा सिनेमा पाहिला, त्यांच्या मनात जिन्न पडद्यावर जेवढा दिसला तेवढाच राहिला. सिनेमा कल्पनेला माप लावून देतो आणि ते माप सहसा सुटत नाही. ही त्याची ताकद म्हणावी की जाच, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

लंडनच्या कोर्डा कंपनीनं १९४० मध्ये ‘थीफ ऑफ बगदाद’ काढला. त्यात बाटलीतला जिन्न अमेरिकन नट रेक्स इंग्रम झाला आणि त्याला चकवणारा पोरगा म्हैसूरकडचा साबू. राक्षसाला आणि पोराला एका चौकटीत आणण्यासाठी लॅरी बटलर यांनी नटाला निळ्या पडद्यापुढे उभं केलं, नंतर तेवढा निळा भाग वगळून तिथे दुसरं चित्र बसवलं. या चित्रपटाला ट्रिकदृश्यांसाठी ऑस्कर मिळालं. आज टीव्हीवर हवामान सांगणारी निवेदिका ज्या कापडापुढे उभी असते ते याच निळ्या पडद्याचं वारसदार, फक्त आता ते बहुधा हिरवं असतं. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकावर हिरवा रंग टिपणारे ठिपके लाल किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात, शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा रंग फारसा नसतो.

हे हिरवं कापड चाळीसगावच्या शेजारी, मालेगावातही येऊन पोचलं. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख यांनी आधी ‘मालेगाव के शोले’ केला, मग ‘मालेगाव का सुपरमॅन’. फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात त्या चित्रीकरणाची सगळी धडपड आहे. सुपरमॅन झालेला शफीक हा यंत्रमाग कामगार. अंगकाठी अशी की वारा आला तर खरंच उडेल. खलनायकाला जग जिंकायचं नसतं, त्याला गाव घाण झालेलं हवं असतं. शूटिंगमध्ये कॅमेरा पाण्यात पडतो, तरी मंडळी थांबत नाहीत. उडण्याच्या दृश्याला कापड हिरवं हवं याला आणखी एक कारण होतं: सुपरमॅनचा अंगरखा निळा. निळ्या पडद्यापुढे तो उभा राहिला असता तर अंगरखा पडद्यासोबत पुसला जाऊन नुसतं मुंडकं आणि हात आकाशात तरंगले असते.

शफीक आजारी पडला आणि सिनेमाचं कौतुक बाहेर पोचलं त्या सुमारास गेला. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा २०२५ मध्ये थिएटरांत आलेला चित्रपट याच मंडळींवर आहे. त्यात मालेगावकरांचं काम आता कसलेले नट करतात आणि गाव निगुतीनं उभं केलेलं आहे. तरीही मूळ माहितीपटातली ओबडधोबड उड्डाणं अधिक लक्षात राहतात, कारण तिथे यंत्रमागावरचा माणूस खरोखर उडू पाहत असतो.

कॅमेऱ्याच्या एका डोळ्यावर उभा असलेला हा सगळा डाव दुसरा डोळा आला की कसा कोसळतो, याचं उदाहरण अलीकडचं आहे. टोल्किन यांची ‘द हॉबिट’ ही मुलांसाठीची कादंबरी १९३७ ची. त्यातल्या बुटक्या मंडळींच्या जगावर पीटर जॅक्सन यांनी आधी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ केला. २००१ च्या पहिल्या भागात बुटका फ्रोडो आणि उंच गँडाल्फ एकाच गाडीवर शेजारी बसलेले दिसतात. प्रत्यक्षात गँडाल्फ कॅमेऱ्याजवळ होता आणि फ्रोडो काही फूट मागे. बैठक तशी बेतून बांधली होती. बुटक्या बिल्बोचं घर दोन मापांत बांधलं, लहान आणि मोठं. चहाच्या प्रसंगात टेबलही दोन मापांचं होतं आणि कॅमेरा सरकला की एक नट आपल्या फळकुटासकट सरकायचा. २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ मात्र थ्रीडी करायचं ठरलं. थ्रीडी म्हणजे दोन डोळे. फ्रोडो मागे बसला आहे हे दोन डोळ्यांना लगेच दिसलं असतं. त्यामुळे जुनी युक्ती बाद झाली आणि गँडाल्फ झालेल्या इयन मॅकेलन यांना वेगळ्या हिरव्या खोलीत एकट्यानं काम करावं लागलं. समोर सहकलाकारांऐवजी त्यांच्या तसबिरी होत्या, आणि ज्याचं वाक्य असेल त्याचा दिवा लागायचा. त्या दिवशी आपल्याला रडू कोसळलं, असं मॅकेलन यांनी पुढे उघड सांगितलं.

थ्रीडीत अद्भुत जमतच नाही असं नाही. भारताचा पहिला थ्रीडी चित्रपट ‘माय डिअर कुट्टिचातन’ १९८४ चा, मल्याळमचा. हिंदीत तो ‘छोटा चेतन’ म्हणून आला. त्यात मुलं भिंतीवरून चालत छतावर जातात. त्यासाठी अख्खी खोली फिरवली होती. मुलं सरळच चालत होती आणि खोली कॅमेऱ्यासकट त्यांच्याभोवती गरगर फिरत होती. इथे लहानमोठेपणाची लबाडी नव्हती, म्हणून दुसऱ्या डोळ्याला पकडायला काही उरलं नाही.

नाटकवाल्यांना यातलं काहीच परवडत नाही, आणि त्यांचं अडतही नाही. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी केली, अलीकडे वैभव मांगले यांनी. प्रत्येक पोर दोन डोळ्यांनी पाहत असतं, चेटकीण म्हणजे साडी नेसलेला मोठा माणूस आहे हे त्याला कळत असतं, आणि तरी ते किंचाळतं. नाटकात फसवणुकीचा करार आधीच झालेला असतो. सिनेमाला तो करार दर चौकटीला नव्यानं करावा लागतो.

मूस यांच्यापुढे असलेली एक मोठी अडचण आजच्या पोरांना उरलेली नाही. मोठ्या कॅमेऱ्यानं जवळची वस्तू टिपली की तिच्या मागेपुढचं सगळं धूसर होतं आणि ती धूसरताच ‘हे टेबल आहे’ अशी चहाडी करते. भिंगाचं छिद्र बारीक करून बराच वेळ प्रकाश आत घ्यावा लागे. मोबाइलचं भिंग आणि संवेदक इतके छोटे असतात की जवळचं आणि दूरचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट येतं. स्लो मोशनमध्ये सेकंदाला १२० किंवा २४० चित्रं घेणारे फोनही आता साध्या किमतीत मिळतात. वर्गमुळाच्या नियमानं १२० म्हणजे पंचविसाव्या हिश्शाची प्रतिकृती आणि २४० म्हणजे शंभराव्या हिश्शाची. पुठ्ठ्याचा वीतभर बुरुज पाडला तर पडद्यावर तो किल्ल्याच्या बुरुजासारखा सावकाश ढासळतो. फोन टेबलाच्या पातळीवर, बाहुल्यांच्या नजरेच्या उंचीला ठेवायचा. दिवा खोलीच्या दुसऱ्या टोकाला, नाहीतर सरळ मांडणी गच्चीवर नेऊन दुपारच्या उन्हात ठेवायची. खानदेशात उन्हाला काय तोटा! नदी लागलीच तर खरं पाणी नको, प्लास्टिकचा चुरगळलेला कागद बरा.